पाय धरायची नोकरी

माझी नोकरी पाय धरायची होती. सरकारी खात्यात पाय धरणारे पुष्कळ असतात, पण ते साहेबाचे धरतात अन् हळूच धरतात. मी भर मैदानात, पंचांच्या डोळ्यांदेखत, शिट्टी वाजेपर्यंत धरायची, अन् मला पगार त्याचाच होता. कागदावर मी शिपाई. सकाळी खात्यात टपाल वाटायचं, दुपार कलली की मैदान. खात्याच्या बायकांच्या कबड्डी संघात मी उभी जवानी घालवली, अन् जवानी संपली तरी थोडी वर खेळले.

या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, "गयाबाई, नोकरीवर लिहा." मी म्हणलं, बाई, मी सातवी पास. त्यापुढचं जे वाचलं ते टपाल वाटता वाटता वाचलेलं. तर म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." आता बोलायचं म्हणाल तर त्याला माझ्याकडं तोटा नाय. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत वीज गेली तर लोक म्हणतात, गयाबाई हाय की, वेळ जाईल.

आधी खेळ समजून घ्या, न पाहिलेल्यांसाठी सांगते. मैदानाच्या मधोमध एक रेघ. इकडं आम्ही सात, तिकडं त्या सात. त्यांच्यातली एक "कबड्डी, कबड्डी" म्हणत एका दमात आमच्यात घुसते. ही चढाई. कुणालातरी शिवून ती रेघेपलीकडं परत गेली, की जिला शिवलं ती बाद. त्याच्या आत आम्ही तिला दाबून ठेवली, तर ती बाद. ही पकड. चढाई करणारीचं नाव होतं, पेपरात फोटो येतो. पकड करणारीचा फोटोत हात येतो. माझ्याकडं असा एक फोटो आहे. चढाईवाली जमिनीला समांतर, तोंड उघडं, अन् खाली कोपऱ्यात तिच्या घोट्याभोवती एक पंजा. नातवंडं विचारतात, यात तू कुठं? मी पंजावर बोट ठेवते.

आमचं मूळ पाचोडकडचं. वडील मेंढरं राखायचे. त्यांनी मला एकच शिकवलं, मेंढराच्या मागं पळायचं नाय. मागं पळणारा धूळ खातो. मेंढरू जिथं जाणार तिथं आपण आधी जाऊन उभं राहायचं. माझी सगळी पकड या एका वाक्यावर उभी आहे. पुढं आलेल्या तिन्ही प्रशिक्षकांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, फक्त त्यांनी शिट्टी वाजवून सांगितलं.

पहिले आमचे गायकवाड सर. पाचोडला बाजाराच्या दिवशी पोरींचे सामने लावले होते, तिथं त्यांनी मला पाहिलं अन् तडक वडिलांकडं गेले.

"पोरगी द्या आम्हाला."

वडील म्हणाले, "पोरगा काय करतो?"

"पोरगा नाही हो, कबड्डीसाठी पाहिजे. नोकरी लावतो."

वडिलांनी पटका काढला, डोकं खाजवलं. "खेळायचा पगार? मग शेरडांनाबी लावा की. दिवसभर तेच करत्यात."

लागले मी नोकरीला. अन् पहिल्याच मोठ्या सामन्यात इज्जत घालवली. आमच्या सगळ्या जणी बाद होऊन मी एकटी उरले होते. एकटी उरली की पकड करणारीलाबी चढाईला जावंच लागतं. मी गेले, दम भरला, अन् तोंडातून निघालं, "हुतुतुतुतू!" गावाकडं आम्ही तेच म्हणायचो ना. पंचांनी शिट्टी वाजवली अन् मला परत पाठवलं. "कबड्डी" म्हणलं नाही म्हणून गुण समोरच्यांना. बाहेर बसलेली रुखसाना पोट धरून लोळत होती.

रुखसाना किराडपुऱ्याची. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच खात्यात शिपाई. उंच, हडकुळी, अन् जिभेला लगाम नाही. दोन वर्षं ती मला गया म्हणलीच नाही. "ए हुतुतू, इधर आ" म्हणायची.

गायकवाड सरांचा खेळ साखळीचा. साखळी म्हणजे आपल्या बाजूच्या पोरीचा हात धरून उभं राहायचं. कडेला दोघी, मधे तिघी, दुसऱ्या कडेला दोघी. मी डाव्या कोपऱ्याला, अन् माझा उजवा हात रुखसानाच्या डाव्या हातात. समोरून चढाईवाली आली की तोंडानं बोलायचं नाही, हातानं बोलायचं. एकदा दाबलं म्हणजे थांब, दोनदा दाबलं म्हणजे चल. ती चढाईवालीला अंगावर घ्यायची, मी खालून घोटा धरायची. सुरुवातीला भीतीनं मी इतकं जोरात दाबायची, की रुखसाना ओरडायची, "हात है गे मेरा, कपडा नई. निचोडती कायकू?"

पुढं पुढं दाबायचीबी गरज राहिली नाही. तिच्या हाताला घाम सुटला की मला कळायचं, आता ही निघणार.

तेव्हाची एक गंमत सांगते. पश्चिमेकडच्या एका संघात एक चढाईवाली होती, भलती गोरी, वेणीला रिबन, अन् चढाईला आली की डिवचायची. माझ्यापुढं पाय नाचवून हसली. तोंडात एका दमात कबड्डी चालू, म्हणून दुसरं काही बोलता येईना, पण डोळ्यांनी म्हणत होती, धर की. मी म्हणलं, "धरते की ताई, आशीर्वाद दे," अन् धरला. सामना झाल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी आली अन् माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अखंड सौभाग्यवती भव." आम्ही दोघी हसून हसून बेजार. अजून दिवाळीला तिचा फोन येतो.

मग गायकवाड सर निवृत्त झाले अन् पवार मॅडम आल्या. बाहेरून शिकून आलेल्या, केस कापलेले, आवाज बारीक पण टोचणारा. पहिल्या दिवशी त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या अन् आमची साखळी बघितली. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या एकमेकींना धरून उभ्या आहात. मग तिला कोण धरणार?"

आम्हाला राग आला. पण बाईंचं खरं होतं. साखळीत चढाईवालीला सात जणी दिसतच नाहीत, तीन गाठोडी दिसतात. एका गाठोड्याला हूल दिली की सगळं गाठोडं सरकतं, अन् आमचा एक हात कायम गुंतलेला. मॅडम म्हणाल्या, हात सोडा. एकेकटी उभी राहा, पण हला एकत्र.

आता वर्षानुवर्षांचा धरलेला हात सुटतो होय? आमचे हात आपसूक शेजारी जायचे. चढाई आली की मी चाचपडायची अन् रुखसानाबी तिकडून चाचपडायची, तेवढ्यात चढाईवाली आम्हाला शिवून चहाला पोचलेली. शेवटी मॅडमनी तोड काढली. सरावाला प्रत्येकीच्या दोन्ही मुठींत एकेक खडा द्यायचा. खडा पडला की मैदानाला फेरी. मुठीत खडा असल्यावर हात कुणाचा धरणार? रुखसाना वैतागून म्हणायची, "मैडम, पहले गया का हात पकडती थी, अब पत्थर पकडती. पत्थर कम बोलता, इत्ताच फरक."

मॅडमनी माझा कोपरासुद्धा काढून घेतला. मला मधे आणलं. कोपऱ्यात वाकून पाय धरायचे असतात. मधे उभं राहून परतीची वाट छातीनं अडवायची असते. एक मेंढरू पकडण्याचं काम, एक दाराचं. मी रुसले. चार दिवस मुक्यानं खेळले, अन् माझ्यासारखीनं मुकं राहणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा. मग हळूहळू जमलं. पुढं कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न झालं, कुणाला दिवस गेले, की त्या जागी मी. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधलं दार. डुगडुगत्या टेबलाखाली दगडाची चीप सारतात ना, तशी मला सारायचे. चिपेला कुणी बघत नाही, पण टेबल हलत नाही. याचा मला अभिमान आहे, अन् थोडी खंतही. एका जागेवर राहिले असते तर त्या जागेला माझं नाव पडलं असतं.

याच काळातली आमच्या घरातली गोष्ट. घरी मालक, पोरगी ज्योती अन् सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मालक रिक्षा चालवायचे, बोलायचे कमी. आत्याबाई कर्मठ नव्हत्या, पण लाज त्यांना लई. माझी खेळायची चड्डी त्या दोरीवर स्वतः वाळत घालायच्या, अन् तिच्यावर आपलं लुगडं पसरायच्या. म्हणायच्या, "खेळ तू. पण गल्लीला चड्डी कशाला दाखवायची?" कधी कधी चड्डी वाळायचीच नाही अन् मी ओली घालून मैदानात.

एका सामन्यात मॅडमनी दुसऱ्या डावात मला बाहेर बसवलं, दम खायला, अन् दुसरी पोरगी आत घेतली. असा बदल केला की त्याला बदली म्हणतात. आमच्या गल्लीतले पानवाले तांबोळी चाचा सामन्याला आले होते. मी संध्याकाळी घरी पोचले तर पलंगावर ट्रंक उघडी. आत्याबाई तिच्यात लुगडी रचत होत्या. ज्योती बाहुली पोटाशी धरून हुंदके देत बसलेली.

मी म्हणलं, "आत्याबाई, गावाला निघालात?"

"मी कशाला निघू? आपण निघालोत."

"कुठं?"

"ते तुला म्हायती. बदली तुझी झाली का माझी?"

"कुणी सांगितलं?"

"तांबोळी सांगून गेला. म्हणला, गयाबाईची बदली झाली, बाहेर काढली तिला. मी म्हणलं, किती लांब? तर म्हणला, लांब नाय, रेघेच्या बाहेरच हाय. आता ही रेघ तालुक्याची का जिल्ह्याची ते काय सांगेना मेला."

मी मटकन खाली बसले अन् हसत सुटले. त्यांना समजावून सांगेपर्यंत अंधार पडला. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे जायचं नाय?"

"नाय."

"मग हसती काय? ही फळीवरची भांडी उतरवताना माझी कंबर गेली. आता तूच ठेव वर."

मी भांडी वर ठेवत होते, अन् माझ्या मनात आलं, ही बाई नोकरी सोड म्हणली नाही. कुठं, किती लांब, काही ठाऊक नाही. पण हिनं ट्रंक काढली अन् आपली लुगडी आधी भरली. माझ्या वयाच्या किती खेळाडूंचा खेळ उंबऱ्यातच संपला. माझा नाही संपला, तो या बाईमुळं.

पुढं मातीचं मैदान गेलं अन् मॅट आली. मातीत फक्कीनं मारलेली रेघ अर्ध्या सामन्यात पुसायची, मग रेघ कुठं होती यावर भांडता यायचं. मॅटवरची रेघ पुसत नाही. भांडणाची अर्धी मजा गेली. पायांत बूट आले. पाय धरायला झेप घेतली की कोपर सोलून निघायचं. पवार मॅडमही गेल्या अन् सतीश सर आले. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मला "ताई" म्हणायचे. रुखसानानं तोवर खेळ सोडला होता अन् ती शहरातल्याच कार्यालयात पूर्ण वेळ शिपाई झाली होती. मी उरले होते, एका कुरकुरणाऱ्या गुडघ्यासकट. बाकी सगळ्या पोरी ज्योतीच्या वयाच्या आसपासच्या.

सतीश सरांनी आठवडाभर मला पाहिलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा गुडघा गेला, पण तोंड शाबूत आहे."

"म्हणजे काय सर?"

"मधे उभ्या राहा अन् बोला. चढाई कुठं वळणार ते तुम्हाला आधी कळतं. पोरींना सांगा."

झालं. ज्या तोंडासाठी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याच तोंडाला जागा मिळाली. मी मधे उभी राहून "डावीकडं! सोड! आता!" असं सुरू केलं. पण त्यात एक गोम निघाली. चढाईवालीलाही कान असतात. मी डावीकडं म्हणलं की ती उजवीकडं जायची. तेव्हा मी आमच्या घरची भाषा काढली. मेंढरं वळवायला वडील "हिर्रर्र" करायचे, थांबवायला जीभ टाळ्याला लावून "टॉक टॉक", अन् सगळ्यांनी एकदम दाबायचं असलं की लांब शीळ. हे मी पोरींना शिकवलं. पहिल्या दिवशी त्या हसल्या. त्यातली प्रियंका तर म्हणाली, "मावशी, आम्ही काय मेंढ्या हाव?"

मी म्हणलं, "मेंढ्या ऐकत्यात तरी."

पण लागलं ते कामी. सतीश सरांच्या काळात एका सामन्यात मी पूर्णवेळ कुणालाच हात लावला नाही अन् आमच्या पोरींनी समोरच्यांना जागचं हलू दिलं नाही. समोरच्या प्रशिक्षकानं पंचांकडं तक्रार केली, ही बाई आमच्या खेळाडूला जनावरासारखं हाकलते. पंच माझ्याकडं आले. "बाई, तोंडानं कसले आवाज काढता?" मी म्हणलं, "साहेब, दात नवीन बसवलेत." गुणफलकावर त्या दिवशी माझ्या नावापुढं काही नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सामना.

त्यानंतरच्याच हंगामात गुडघ्यानं साफ नाही म्हणलं. जिना उतरता येईना. सतीश सरांना मी स्वतःच सांगितलं, आता बस.

आता खात्याची रीत अशी होती, की खेळ सुटला की ती बाई साधी शिपाई. जिथं जागा रिकामी तिथं तिला पाठवणार. रुखसानाचं नशीब, तिच्या वेळी जागा शहरातच रिकामी होती. माझ्या वेळी निघाली पार राज्याच्या कडेला, किनवटला. खरोखरची बदली आली.

अन् घरात तेव्हा काय होतं ते सांगते. आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू पार गेली होती, जीभ जड झाली होती. मालक रोज त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात व्यायामाला नेत होते. डॉक्टर म्हणत होते, सुधारतील, पण यात खंड पडता कामा नये. ज्योतीचं बारावीचं वर्ष. मालकांच्या रिक्षेवर दवाखाना अन् शिक्षण दोन्ही निघण्यासारखं नव्हतं, माझा पगार पाहिजेच होता. मी किनवटला गेले तर आत्याबाईंचं अंग पुसायचं, कूस वळवायची, घास भरवायचा, हे कोण करणार? अन् त्यांना घेऊन जावं, तर तिकडं हा व्यायाम देणारं कोण होतं? सतीश सर साहेबांना भेटून आले. साहेब म्हणाले, नियम आहे. चुकीचं नाही बोलले ते. नियम होताच. मी ठरवलं, नोकरी सोडायची.

रुखसानाला मी सांगितलं नव्हतं. पण खात्यात टपालाआधी बातमी फिरते. ती घरी आली. माझ्याशी बोललीच नाही, सरळ आत्याबाईंच्या पलंगावर बसली. त्यांना बशीतून चहा पाजला, पदरानं तोंड पुसलं. मग मान न वळवता मला म्हणाली, "अर्जी लिख."

"कसली?"

"आपसी बदली की. तेरे बदले मैं जाती."

आपसी बदली म्हणजे एकाच हुद्द्याच्या दोघींनी राजीखुशीनं जागा बदलून घ्यायच्या. लोक आपल्या गावाजवळ यायला करतात. शहर सोडून किनवटला जायला कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी म्हणलं, "रुखसाना, येडी झाली का? जंगल हाय तिकडं."

"तो? शेर खाता क्या मेरेकू? खाया तो उसकाच पेट बिगडता."

"अन् घरचे?"

रुखसानानं लग्न केलेलं नव्हतं. भाऊ-भावजयीकडं राहायची. तिनं तोंड वाकडं केलं. "घर में भाभी का राज है गे. सुबू से किटकिट, रात तक किटकिट. मैं तो खुद निकलने का रस्ता देख री थी. तू मेरा काम कर री, ऐसा समझ."

आत्याबाईंनी एवढंच ऐकलं असावं. जड जिभेनं विचारलं, "ब... बदली... झाली?"

रुखसाना त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "हौ खाला! मगर मेरी! आप आराम से पडे रहो!"

आत्याबाईंनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं अन् बराच वेळ सोडलं नाही.

अर्ज घेऊन आम्ही दोघी साहेबांपुढं उभ्या राहिलो. साहेबांनी चष्मा काढून रुखसानाकडं बघितलं. "स्वतःहून किनवटला? का?"

"हवा अच्छी है बोले, साब."

ती गेली. एस्टीच्या खिडकीतून तोंड काढून म्हणाली, "रडती कायकू गे हुतुतू, मैं क्या ससुराल जा री?" निवृत्त होईपर्यंत ती तिकडंच राहिली. ईदेला यायची, मला भेटायची, किनवटच्या सागाच्या अन् माकडांच्या गोष्टी सांगायची. मला वाटायचं, बरी आहे, भावजयीच्या किटकिटीतून सुटली.

मी शहरात राहिले. टपाल वाटलं, संध्याकाळी पोरींना मैदानाबाहेरून शिळा घातल्या. आत्याबाई वर्षभरात काठी धरून दारापर्यंत यायला लागल्या. पुढं त्या बरीच वर्षं जगल्या, अन् गेल्या तेव्हा माझ्या मांडीवर गेल्या. ज्योती परिचारिका झाली. अशीच कुणाची तरी कूस वळवते, रोज.

हे सगळं लिहायचं कारण मागच्याच महिन्यात घडलं. रुखसानाच्या भाच्याचं लग्न होतं. भाचा म्हणजे त्याच भाऊ-भावजयीचा मुलगा. ती आता निवृत्त होऊन पुन्हा भावाकडं राहते. मी म्हणलं, बाई, परत त्याच किटकिटीत? तर म्हणाली, "अब कान कम हो गये. चलता."

लग्नात नान-खलिया. हे जेवण आमच्या शहराचं. भट्टीतला पिवळा नान अन् डेगीतला मटणाचा रस्सा. बायकांच्या पंगतीत मी बसले होते. रुखसानाची भावजय शमीमभाभी स्वतः डेगीपाशी पळी घेऊन उभी होती. घामानं निथळत होती, अन् प्रत्येकीला नाव घेऊन वाढत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मला गंमत करायची लहर आली.

मी म्हणलं, "भाभी, तुमच्या किटकिटीचे माझ्यावर लई उपकार हाईत बघा."

"कायकी किटकिट?"

"तुमची हो. रुखसाना कंटाळून किनवटला गेली ना, तुमच्या राज्याला. ती गेली म्हणून माझं घर राहिलं."

शमीमभाभीची पळी हवेतच राहिली. "मैं?" ती म्हणाली. "मैं तो दरवाजे में आडी खडी हो गई थी, नक्को जा बोल के. उसका भाई रोया. वो बोली, साब ने जबरदस्ती भेजा, हुकूम है, क्या करूं भाभी. इत्ते साल मैं उस साब कू कोसती रही. हर नमाज में कोसी."

रुखसानानं भाभीला माझी अडचण सांगितली नव्हती अन् मला भाभीचं प्रेम सांगितलं नव्हतं. दोन्ही दारं लावून ही बाई मधल्या मधे निघून गेली होती. ज्या साहेबाला भाभी इतकी वर्षं शिव्याशाप देत होती, तो तिच्यापुढं पंगतीला बसला होता, नान तोडत. तिचं माणूस तिच्या घरातून कुणामुळं गेलं, हे तिला त्या घटकेला कळलं, अन् मला दिसलं की कळलं.

तेवढ्यात रुखसाना नानांची टोपली कमरेवर घेऊन आली. "क्या बातां चल री दोनों की?"

शमीमभाभी म्हणाली, "कुछ नई."

मग ती डेगीपाशी परत गेली. पळी तळाशी घालून तिनं बराच वेळ ढवळलं. एक तुकडा वर काढला, परत सोडला. दुसरा काढला, तोही सोडला. शेवटी एक मोठा, नळीचा तुकडा घेऊन ती माझ्यापाशी आली अन् माझ्या ताटात ठेवला. त्यावर रस्सा ओतला. कडेला सांडलेला थेंब आपल्या ओढणीनं पुसला.

"खाओ," ती म्हणाली.

रुखसाना मागून ओरडली, "इसकू इत्ता बडा? और मेरेकू हड्डी दी थी!"